भुऱ्याच्या किडन्या आणि आमचं एक वर्ष

आमचा बोका भुऱ्या आता पंधराव्या वर्षात आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्याला किडनीचा जुनाट आजार असल्याचं कळलं. आज वर्ष उलटून गेल्यावर त्याचं खाणं, औषधं, सलाईन, तपासण्या यांची घडी बसली आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत मला फार सैरभैर झाल्यासारखं वाटायचं. पुढे काय होणार, कुठल्या तपासणीनंतर कुठली, कशाची वाट बघायची, पैसा कुठे लागणार, यातलं काहीच कळत नव्हतं. त्या अवस्थेत आज जे कोणी असतील त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. इथले आकडे तुमच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावेत म्हणून दिलेत, औषधाचा डोस मात्र त्यांनीच ठरवायचा.

सुरुवात जानेवारीत झाली. लिटर ट्रे साफ करताना लघवीचे गोळे पूर्वीपेक्षा बरेच मोठे लागायला लागले. एरवी पाण्याच्या भांड्याकडे ढुंकून न बघणारा बोका बाथरूमच्या बादलीवर वाकून पाणी पिताना दिसायला लागला. आईचं म्हणणं, "अगं, म्हातारा झालाय तो, लागत असेल तहान." पण वयामुळे तहान वाढत नाही, त्यामागे कारण असतं. किडनीचा साधारण दोन तृतीयांश भाग निकामी झाला की लघवी घट्ट करण्याची ताकद जाते. पातळ लघवी भरपूर होते, अंगातलं पाणी जातं आणि ते भरून काढायला जनावर पाणी पितं. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, वाढलेलं दिसतं ते त्याहून उशिरा, तीन चतुर्थांशाच्या आसपास काम गेल्यावर. म्हणजे रिपोर्टच्या आधी ट्रे बोलतो.

पाणी मोजणं सोपं आहे. सकाळी मापून ओतायचं, दुसऱ्या दिवशी उरलेलं मापायचं, बाकीची भांडी आणि बादल्या झाकून ठेवायच्या. दिवसाला किलोमागे १०० मिलीच्या वर पाणी जात असेल तर ते नक्कीच जास्त. वेट फूड खाणारं मांजर याच्या निम्मं पीत असलं तरी डॉक्टरांना सांगावं, कारण त्याच्या खाण्यातच भरपूर पाणी असतं. दुसरी गोष्ट वजन. भुऱ्या पूर्वी ५.१ किलो होता, जानेवारीत ४.४ भरला. केसाळ अंगामुळे डोळ्यांना हे समजतच नाही. मांजराला कडेवर घेऊन आपल्या काट्यावर उभं राहण्याने दोनशे-तीनशे ग्रॅमचा फरक निसटतो. आम्ही तान्ह्या बाळांचा वजनकाटा आणला. या सगळ्या वर्षातली सर्वांत कामाची खरेदी तीच.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दवाखान्याची वेळ मिळाली. रक्तासाठी काही तास उपाशी आणायला सांगितलं होतं. इथे एक लक्षात ठेवा, उपाशी म्हणजे खाणं बंद, पाणी नाही. किडनीच्या रुग्णाचं पाणी कधीही तोडायचं नाही. रक्तात क्रिएटिनिन, युरिया, फॉस्फरस, पोटॅशियम, कॅल्शियम, पेशींची मोजणी आणि एसडीएमए नावाची तपासणी लिहिली. एसडीएमए क्रिएटिनिनच्या आधी वाढतं, आणि अंगावरचं मांस कमी झालं म्हणून फसवं कमी दिसत नाही. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, त्यामुळे हडकुळ्या म्हाताऱ्या मांजराचं क्रिएटिनिन खऱ्या परिस्थितीपेक्षा बरं दिसू शकतं. थायरॉइडही बघितलं. म्हाताऱ्या मांजरांमध्ये थायरॉइड वाढलेलं असेल तर किडनीकडे रक्त जोरात जातं आणि तिचा आजार झाकला जातो. थायरॉइडचा उपचार सुरू झाला की मग तो उघडा पडतो. भुऱ्याचं थायरॉइड ठीक निघालं.

लघवीचा नमुना सुईने थेट मूत्राशयातून घेतात हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. प्रत्यक्षात सोनोग्राफीवर बघून बारीक सुई घातली आणि काही क्षणांत काम झालं, भुऱ्या हूं की चूं नाही. ट्रेमधल्या लघवीवर विशिष्ट गुरुत्व, म्हणजे लघवी किती घट्ट आहे ते, बघता येतं, पण कल्चरसाठी, म्हणजे जंतू आहेत का ते वाढवून बघण्यासाठी, असाच नमुना लागतो. त्याचं विशिष्ट गुरुत्व १.०१४ आलं. निरोगी मांजराचं १.०३५ च्या वर असतं.

बाकीचे आकडे त्याच संध्याकाळी मिळाले. एसडीएमए बाहेरच्या लॅबमध्ये गेलं होतं, कल्चरलाही दिवस लागतात. ती वाट बघणं फार जड गेलं. नमुन्यासोबतच्या फॉर्मवर वय, जात, उपाशी होता की नाही हे बरोबर लिहिलंय का ते तिथेच उभं राहून वाचून घ्या, आणि प्रत्येक रिपोर्टची पूर्ण प्रत मागा. 'नॉर्मल आहे', 'थोडं वाढलंय' असा तोंडी निरोप पुढे काही उपयोगाचा नसतो. एककही बघा. काही लॅब क्रिएटिनिन मिलिग्रॅममध्ये देतात, काही मायक्रोमोलमध्ये. मायक्रोमोलच्या आकड्याला ८८.४ ने भागलं की मिलिग्रॅम मिळतात. शक्यतो दर वेळी तीच लॅब ठेवावी, नाहीतर खरा बदल कुठला आणि यंत्रातला फरक कुठला, हे सांगता येत नाही.

क्रिएटिनिन २.६ (इथे सगळीकडे मिलिग्रॅममध्ये), एसडीएमए २२, फॉस्फरस ५.२. मी लगेच विचारलं, कुठली स्टेज? डॉक्टर म्हणाल्या, "आज नाही सांगणार. त्याच्या अंगात पाणी कमी आहे, त्याने आकडे चढतात. आधी सावरू द्या, मग परत बघू." दोन आठवड्यांनी परत तपासलं तेव्हा क्रिएटिनिन २.४ होतं आणि तेव्हा त्यांनी दुसरी स्टेज लिहिली. आयरिस, म्हणजे इंटरनॅशनल रीनल इंटरेस्ट सोसायटीने केलेल्या वर्गवारीत मांजरांसाठी क्रिएटिनिन १.६ च्या खाली पहिली, १.६ ते २.८ दुसरी, २.९ ते ५.० तिसरी आणि ५ च्या वर चौथी स्टेज धरतात. त्याला दोन गोष्टींची जोड असते, लघवीतून जाणारं प्रथिन आणि रक्तदाब. प्रथिन आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर ०.२ च्या खाली चांगलं, ०.४ च्या वर मांजराला औषधाचा विचार. भुऱ्याचं ०.३, म्हणजे सीमेवर.

रक्तदाबासाठी आम्हाला दुसरा दवाखाना गाठावा लागला, कारण पहिल्या ठिकाणी मांजरांना चालेल असा छोटा पट्टा नव्हता. तिथे आधी सगळे रिपोर्ट पाठवले, नवीन फाइल उघडली, आणि वेळ मिळायला आठवडा गेला. पण ही तपासणी सोडू नका. दाब वाढलेला असेल तर मांजर एका रात्रीत आंधळं होऊ शकतं, कारण डोळ्यातला पडदा सुटतो. आम्हाला शांत खोलीत आधी नुसतं बसवून ठेवलं, भुऱ्या त्याच्याच टोपलीत, त्याच्याच चादरीवर. पुढच्या पायाला पट्टा बांधून एकामागून एक मोजमापं घेतली, पहिलं सोडून दिलं आणि बाकीच्यांची सरासरी काढली, १७२. घाबरून वाढला असेल म्हणून काही दिवसांनी परत बोलावलं, तेव्हाही १६८. १६० च्या वर सतत राहिला की उपचार करतात. अ‍ॅम्लोडिपिनची गोळी सुरू झाली, तीही माणसांच्या गोळीचा बारीक तुकडा. मार्चमध्ये दाब १४५ पर्यंत उतरला.

सोनोग्राफीत दोन्ही किडन्या लहान आणि खडबडीत दिसल्या, खडा किंवा अडथळा नव्हता. हे कशामुळे झालं, याचं उत्तर म्हाताऱ्या मांजरांत बहुतेक वेळा सापडत नाही. निकामी झालेला भाग परत तयार होत नाही, उरलेल्यावरचा ताण कमी करणं एवढंच हातात असतं. हे वाक्य डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं आणि मी गाडीत बसून खूप रडले.

आता खाण्याबद्दल, कारण सगळ्या उपचारांत सर्वांत जास्त फरक त्याने पडतो आणि सर्वांत जास्त दमछाकही त्यातच होते. किडनीच्या खास अन्नात फॉस्फरस कमी असतो, प्रथिनं बेताची पण चांगल्या प्रतीची असतात, ओमेगा-३ आणि बहुधा पोटॅशियम वाढवलेलं असतं. दुसऱ्या स्टेजमध्ये रक्तातला फॉस्फरस ४.६ च्या खाली ठेवायचा असतो. मला वाटलं होतं आजच पिशवी घेऊन जाऊ. डॉक्टरांनी थांबवलं. भुऱ्याला मळमळ होती. तो ताटलीपाशी यायचा, वास घ्यायचा, जीभ ओठांवरून फिरवायचा आणि वळून निघून जायचा. हे ओठ चाटणं म्हणजे मळमळ, हे मला तेव्हा कळलं. अशा वेळी नवीन अन्न पुढे केलं की मांजराच्या डोक्यात त्या वासाची आणि मळमळीची गाठ पक्की बसते, आणि ते अन्न कायमचं बाद होतं. म्हणून आधी मळमळीचं औषध, आमच्या बाबतीत मॅरोपिटंट, आणि जुनंच अन्न.

मार्चच्या मध्यात चमचाभर नवीन अन्न जुन्यात मिसळायला सुरुवात केली आणि एप्रिल संपता संपता पूर्ण बदल झाला. मध्ये अर्ध्यावर आल्यावर त्याने साफ नकार दिला. आम्ही दोन पावलं मागे गेलो, आठवडाभर तिथेच थांबलो आणि मग परत पुढे सरकलो. वेट फूड हाताला कोमट लागेल इतकं गरम केलं की वास सुटतो आणि तो खातो. खोल वाटीऐवजी पसरट ताटली त्याला आवडते. एकाच कंपनीचं नाही आवडलं तर दुसऱ्या कंपनीचं, तिसऱ्या कंपनीचं लहानात लहान पाकीट आणून बघा, मोठी पिशवी पसंती कळल्यावरच घ्या.

आणि अट्टहास नको. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांचं स्पष्ट सांगणं होतं की त्याने साधं अन्न खाल्लेलं चालेल, उपाशी राहिलेलं चालणार नाही. साधं अन्नच खाणाऱ्या मांजरासाठी फॉस्फरस बांधून ठेवणारी पूड मिळते, अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड किंवा लँथॅनमची. ती अन्नातच मिसळावी लागते, कारण ती आतड्यात अन्नातल्या फॉस्फरसलाच धरते. रिकाम्या पोटी दिली तर वाया जाते. मे महिन्यात भुऱ्याचा फॉस्फरस ४.३ आला. कॅल्शियमही सोबत बघितलं, कारण सुरुवातीच्या स्टेजमधल्या काही मांजरांचं कॅल्शियम या अन्नावर चढतं. त्याचं ठीक होतं. तो दिवस घरात सणासारखा गेला.

जुलैपर्यंत सगळं सुरळीत. ऑगस्टमध्ये एका सकाळी त्याने खाणं सोडलं, दोनदा उलटी केली आणि पलंगाखाली जाऊन बसला. काट्यावर ४.१. क्रिएटिनिन ४.८! मला वाटलं आता संपलं. पण जुनाट आजारावर काहीतरी तात्पुरतं येऊन बसलेलं असू शकतं, आणि ते शोधल्याशिवाय हात टेकायचे नसतात. भुऱ्याच्या लघवीच्या कल्चरमध्ये जंतू सापडले, संसर्ग किडनीपर्यंत पोचला होता. पातळ लघवी होणाऱ्या मांजरांना हा धोका जास्त, आणि लक्षणं दिसतीलच असं नाही.

तीन रात्री तो शिरेतून सलाईनवर दवाखान्यात होता. भरती करताना संमतीचा फॉर्म आणि अनामत रक्कम असते. घाईत सही करण्याआधी रोजच्या खर्चाचा अंदाज लेखी मागा, रात्री तिथे माणूस असतो का ते विचारा, आणि अवस्था बिघडली तर कुठपर्यंत उपचार करायचे हे फॉर्मवर काय लिहिलंय ते वाचा. आम्ही त्याची घरातली चादर आणि नेहमीचं अन्न नेऊन दिलं. दुसऱ्या संध्याकाळी भेटायला गेले तर त्याने माझ्या बोटावरचं थोडंसं अन्न चाटून खाल्लं. नर्सने लगेच फाइलवर वेळ लिहिली. अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण झाल्यावर कल्चर परत केलं, स्वच्छ आलं. क्रिएटिनिन ३.१ वर येऊन थांबलं. तिसरी स्टेज.

पोटॅशियमही ३.२ पर्यंत घसरलं होतं. त्याने मांजर अशक्त होतं, फार कमी झालं तर मान वर धरता येत नाही. पोटॅशियमचं औषध सुरू झालं. शौचाला कडक व्हायची, तेही अंगात पाणी कमी पडत असल्याचंच लक्षण. म्हणून सप्टेंबरमध्ये घरच्या घरी कातडीखाली सलाईन द्यायला शिकले. दुसऱ्या स्टेजमध्ये नीट खाणाऱ्या-पिणाऱ्या मांजराला याची गरज नसते, आणि हृदय कमजोर असेल तर ते धोक्याचं ठरू शकतं. आमच्या डॉक्टरांनी आधी हृदय तपासलं आणि मगच एक दिवसाआड १०० मिली रिंगर लॅक्टेट लिहून दिलं.

शिकवणी दवाखान्यातच झाली. पहिल्यांदा सुई टोचताना माझे हात थरथरत होते, ते पुढे काही दिवस थरथरतच राहिले. आता आमची पद्धत अशी: बाटली कोमट पाण्यात ठेवून मनगटावर थेंब घेऊन बघायचा. बाटली उंच टांगून नळीतली हवा काढायची. भुऱ्या टेबलावर, आई त्याच्या तोंडापुढे बसून कपाळ खाजवते. खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलली की खाली पोकळी होते. सुईचं उघडं तोंड वर ठेवून ती पाठीला समांतर सरकवायची. आत शिरताना बोटांना बारीकसा 'टक' जाणवतो. नळीचं चाक सोडलं आणि केस ओले झाले तर सुई दुसऱ्या बाजूने बाहेर आली आहे, बंद करून परत टोचायची. आम्ही जाड, १८ नंबरची सुई वापरतो. बारीक सुई कमी दुखेल असं वाटतं, पण तिच्यातून सलाईन इतकं हळू जातं की मांजराचा धीर सुटतो. काही मिनिटांत काम होतं, सुई काढल्यावर ती जागा थोडा वेळ चिमटीत दाबून धरायची. पाठीवर आलेला फुगा कधी कधी एका पायाकडे उतरतो. घाबरू नका, काही तासांत जिरतो. आधीचा फुगा जिरला नसेल तर पुढचं सलाईन द्यायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा. दर वेळी नवीन सुई, आणि वापरलेल्या सुया जाड डब्यात साठवून दवाखान्यात परत. झोपेत श्वास मोजायची सवयही तेव्हाच लागली. मिनिटाला ३० च्या वर जायला लागला तर पाणी जास्त होतंय अशी शंका घ्यायची.

खर्चाचं म्हणाल तर पहिला महिना सर्वांत जड, कारण सगळ्या तपासण्या एकदम येतात. दुसरा मोठा तडाखा भरतीचा. एरवी खास अन्न हा कायमचा खर्च आणि दर तीन महिन्यांनी तपासणी. सलाईन घरी दिलं तर स्वस्त, दवाखान्यात रोज नेऊन दिलं तर बरंच महाग, शिवाय मांजराला प्रवासाचा त्रास. पैसे बेताचे असतील तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. आमच्या डॉक्टरांनी दर वेळच्या तपासणीत क्रिएटिनिन, फॉस्फरस, पोटॅशियम, तांबड्या पेशींचं प्रमाण, लघवी आणि रक्तदाब एवढंच ठेवलं, एसडीएमए आणि सोनोग्राफी लागेल तेव्हाच. विमा काढायचा असेल तर जनावर धडधाकट असतानाच काढा. निदान झाल्यावर काढलेल्या विम्यात हा आजार 'आधीपासूनचा' म्हणून वगळला जातो, आणि दावा करताना जुन्या फाइलीतल्या तारखा बघितल्या जातात.

औषधाच्या दुकानात माणसांची गोळी मांजरासाठी मागितली की विचारणा होते, तेव्हा चिठ्ठीवर जनावराचं नाव, डोस आणि डॉक्टरांची सही स्पष्ट असावी. भूक लागण्यासाठी आम्ही अधूनमधून मिर्टाझापिन देतो. किडनीच्या रुग्णाच्या अंगातून ते हळू बाहेर पडतं, म्हणून रोज नाही, दिवसाआड. डोस जास्त झाला तर मांजर ओरडत घरभर फिरतं. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मात्र कधीच नाहीत. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. लिलीची फुलंही घरात आणू नका, तिचा पराग अंगावरून चाटला गेला तरी मांजराची किडनी बंद पडते.

कुत्रा असलेल्यांसाठी थोडंसं. वाट बरीचशी हीच आहे, आकडे थोडे वेगळे: क्रिएटिनिन १.४ पासून दुसरी स्टेज, लघवीतल्या प्रथिनांच्या गुणोत्तराची मर्यादा ०.५, लघवीचं विशिष्ट गुरुत्व १.०३० च्या वर हवं. कुत्र्यांमध्ये लघवीतून प्रथिन जाण्याचं प्रमाण जास्त दिसतं, त्यामुळे ते गुणोत्तर न चुकता करून घ्या. द्राक्षं आणि बेदाणे त्यांच्यापासून लांब ठेवा.

शेवटाबद्दलही आम्ही बोललो आहोत, डिसेंबरमध्ये, तो बरा असताना. डॉक्टरांना विचारलं, कशावरून ओळखायचं? त्यांनी आम्हालाच विचारलं की त्याला काय काय करायला आवडतं. खाणं, अंग चाटणं, खिडकीवर चढणं, आईच्या मांडीवर बसणं. यातलं एकेक सुटत गेलं की मला फोन करा, त्या म्हणाल्या. ते कागदावर लिहून ठेवलं आणि मला खूप हलकं वाटलं. रोज सकाळी त्याच्याकडे बघून मनात तोच प्रश्न विचारणं तेव्हापासून थांबलं.

आमची वही साधी आहे: तारीख, रविवारचं वजन, खाल्लं किती, उलटी, शौच, सलाईन. डॉक्टर रिपोर्टच्या आधी ती वही मागतात. या मार्चच्या तपासणीत वजन ४.३, क्रिएटिनिन ३.०, फॉस्फरस ४.७, रक्तदाब १४८. तिसऱ्या स्टेजमध्ये फॉस्फरस ५ च्या खाली असला तरी चालतो, त्यामुळे तिथे काही बदललं नाही. रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण मात्र २८ वरून २४ टक्क्यांवर आलंय. किडनी पेशी बनवण्याचा निरोप देणारं संप्रेरक तयार करते, ते कमी पडायला लागलंय. २० च्या आसपास उतरलं तर तेच काम करणाऱ्या डार्बेपोएटिनच्या इंजेक्शनबद्दल ठरवायचं आहे, त्याआधी अंगातलं लोह तपासायचं. पुढची वेळ जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली घेतली आहे.